विमानातला पडदा आणि काकाजी

कापड दिसलं की काकाजींचा हात आवरत नसे. लग्नात नवरीचा शालू, बँकेत साहेबाचा शर्ट, दवाखान्यात तर तपासणाऱ्या डॉक्टरचा पांढरा कोटसुद्धा! अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत कापड धरायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. आंधळगावात त्यांचा कोसा साड्यांचा व्यापार होता. कोसा म्हणजे आमच्याकडचं रेशीम. विणकरांची पोरं त्यांना ‘चिमटीकाकाजी’ म्हणत, पण तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. आज ते असते, तर हे वाचायच्या आधी त्यांनी कागदच चिमटीत धरला असता.

माझे बाबा त्यांच्यासाठी विणायचे. मी डिझाइनचं शिकून आले आणि त्यांच्याचकडे कामाला लागले. माल दाखवायला दिल्ली-बंगळूरच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा विमानाची तिकिटं काढायचं काम माझ्याकडे आलं आणि आमचं भांडण सुरू झालं. मोबाइल दरवेळी विचारायचा, थोडे जास्त देऊन पुढची रुंद खुर्ची हवी का? मला हवी असायची. देवाशप्पथ, फार हवी असायची!

“कायले?” काकाजी म्हणायचे. “पुढचा अन् मागचा, नागपूरले एकाच टायमाले उतरते. पुढचा का अर्ध्या रस्त्यात उतरून घरी जाते?”

“पुढे जेवण चांगलं देतात, काकाजी.”

“अन् काकूनं देल्लेलं वांगं कोण खाईन मंग?”

विमान वर गेलं की ते डबा उघडायचे, आणि आजूबाजूच्या चार रांगांना आमच्या मोहाडी तालुक्यातलं वांगं कळायचं.

एकदा मात्र मागच्या जागा कमी पडल्या म्हणून विमान कंपनीनेच त्यांना फुकट पुढे बसवलं. मला वाटलं, आता तरी कळेल म्हातारबाला. पट्टे सोडायची परवानगी मिळाली आणि काकाजी पुढच्या-मागच्यांमधला पडदा सारून थेट माझ्यापाशी हजर. चेहरा असा, जणू चोरच पकडलाय.

“पोरी, पडदा पॉलिस्टरचा हाय वं! पांघरूणबी तसंच! अन् हे लोक याचे पैसे घेऊन राहिले!”

सगळी रांग हसली. हवाई सुंदरी त्यांना परत न्यायला आली. तिच्या गळ्यातल्या रुमालाकडे ते ज्या नजरेने बघत होते, ते पाहून मी पट्टा सोडून उठलेच. पण बिचाऱ्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरून ठेवले होते.

मग ते वाईट वर्ष आलं. कोसा साडीसारखी दिसणारी यंत्रमागाची साडी निम्म्या भावात बाजारात आली आणि आमच्याकडचे हातमाग एकामागून एक थांबले. बाबांचाही थांबला. तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला जातो, असं ते म्हणू लागले. या वयात! मला ऐकवत नसे. तेवढ्यात दिल्लीच्या एका मोठ्या दुकानाने बोलावलं. त्यांना माल पटला तर वर्षभराचं काम होतं, नाही तर माग मोडायचे.

पहाटेचं विमान होतं आणि उतरलं की थेट मीटिंग. काकाजींचा गुडघा सुजला होता. मी म्हटलं, “आता हट्ट नको. तुमच्यासाठी पुढची खुर्ची घेते, पाय लांब करता येतील.”

काकाजींनी साड्यांच्या गाठोड्याची गाठ आवळली. मग म्हणाले, “घे. पण तुह्या नावानं.”

“अहो, गुडघा माझा दुखतोय का?”

“बोलाचं तुले हाय. बोलणाऱ्यानं आराम करून उतरावं. मी गाठोडं सांभाळतो.”

मी उडालेच. गिऱ्हाइकापुढे मी आजवर फक्त साड्या उलगडल्या होत्या आणि घड्या घातल्या होत्या. “मले नाही जमत, काकाजी!” घाबरले की माझीही शुद्ध भाषा पळून जाते.

“काहून नाही? विणणारा तुहा बाप, नक्षी तुही. माहं काय हाय त्यात?”

त्या रुंद खुर्चीत मला डुलकीसुद्धा लागली नाही. मी मनातल्या मनात भाव घोकत होते, आणि मागून वांग्याचा वास येत होता.

दुकानाचे तिघे साहेब समोर बसले. मी बोलत होते आणि तिघेही बघत होते काकाजींकडे. शेवटी मोठ्या साहेबांनी त्यांनाच विचारलं, “सेठजी, आखिर में क्या भाव लगाओगे?”

काकाजींनी तोंड उघडलं असतं, तर सौदा चुटकीसरशी झाला असता. पण ते गुडघा चोळत म्हणाले, “मेरे को काय को पूछते, साहब? मैं तो हवाई जहाज में पीछे बैठ के आया. मालकीन आगे बैठ के आई, उनको पूछो.”

तिघांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी भाव सांगितला. त्यांनी ओढाताण केली, मी हटले नाही, आणि ते हो म्हणाले. बाहेर येऊन मी चक्क रडले, आणि काकाजी “रडते कायले वं?” म्हणत स्वतःच डोळे पुसत होते.

बाबांचा माग पुन्हा सुरू झाला. पुढच्या खेपेची तिकिटं काढायला मी मोबाइल हातात घेतला, तर काकाजी चष्म्यावरून बघत म्हणाले, “एकच काढ, तुहं.”

पुढची खुर्ची का मागची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता माझं मला ठरवायचं होतं.