कर्णेमामांचा मंजूर आवाज

आमच्या आपत्ती नियोजन कार्यालयात दोन कपाटं होती. एकात वादळाचा आराखडा, दुसऱ्यात विषारी रसायनांचा. समित्या वेगळ्या, माणसं तीच. मंगळवारी जे साहेब वादळाच्या समितीचे अध्यक्ष म्हणून जांभया द्यायचे, तेच गुरुवारी रसायनांच्या समितीचे अध्यक्ष म्हणून द्यायचे. दोन्हीकडचं इतिवृत्त मी लिहायचे. बावीस वर्षं लिहिलं. आता त्या वह्या आठवल्या तरी तोंडात कडू येतं.

पण सांगायचंय ते कर्णेमामांबद्दल. ते कार्यालयाच्या गाडीवर होते. टपावर कर्णा बांधलेला, हातात माईक, आणि काम एवढंच, की वादळाची सूचना आली की वस्त्यांतून फिरून लोकांना घराबाहेर काढायचं. हजेरीपत्रकावरचं त्यांचं नाव कार्यालयातही कुणाला आठवायचं नाही. बुटका माणूस, शर्टाचं गळ्याजवळचं बटण कायम लावलेलं. आवाज मात्र असा, की ऐकणाऱ्याला आपोआप चपला घालाव्याशा वाटायच्या. कितीही घाई असो, तो आवाज कधी चढला नाही. "आपण ओरडलो की लोक पळतात," ते म्हणायचे. "आपण बोललो की लोक निघतात." आराखड्याच्या चारशे पानांत एवढं शहाणं एक वाक्य नव्हतं.

मामांचे आईवडील लवकर गेले, त्यांना थोरल्या बहिणीनं, ताईनं वाढवलं. ताई बर्फाच्या कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीत लेकीजवळ राहायची. डोळ्याचं ऑपरेशन बिघडल्यापासून तिला समोरचं माणूस नुसतं सावलीएवढं दिसायचं. गाडी वस्तीत शिरली की ती दाराशी येऊन बसायची आणि शेजारणीला सांगायची, "आला माझा." मामा गाडीतूनच विचारायचे, "ताई, गोळी घेतलीस का?" तेही कर्ण्यातून. सगळी वस्ती हसायची.

बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. तो गळला तर वारा जिकडून येतो तिकडे जायचं, हे साधं गणित. आमच्याकडे वारा समुद्राकडून यायचा, म्हणून बंदराजवळचं मोठं मैदान हे जमण्याचं ठिकाण ठरलं. दरवर्षी मॉक ड्रिल व्हायचं. तंबू, खुर्च्या, बिस्किटांचे पुडे, साहेबांचे फोटो. वस्तीच्या अंगवळणी पडलं, भोंगा वाजला की मैदान. साहेब त्याला लोकसहभाग म्हणायचे.

मग एक सल्लागार आले. त्यांनी खांबाखांबावर कर्णे बसवले आणि मामांचा आवाज ध्वनिमुद्रित करून घेतला, कारण लोकांचा विश्वास त्या आवाजावर. "घाबरू नका. तोंडावर ओला कपडा धरा. मोठ्या मैदानावर या." भोंग्यापाठोपाठ हे आपोआप सुरू व्हायचं आणि तासभर वाजत राहायचं. मामांना प्रशस्तिपत्रक मिळालं. ते त्यांनी ताईला वाचून दाखवलं, दोनदा.

पण त्याच बैठकीत ते उभे राहिले. "साहेब, एक विचारू का? वादळ यायच्या आधी वारा फिरतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तेव्हा गळती झाली तर मैदान चुकीचं ठरेल. टेकडीवरच्या शाळेत जा असं दुसरं एक ध्वनिमुद्रण करून ठेवू या. मी आत्ता बोलतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"वादळाचा आराखडा वेगळा आहे," साहेब म्हणाले. "तो विषय मंगळवारी. आणि दोन्ही एकाच दिवशी कशाला येतील?"

"शिवाय नव्या मजकुराला नवी मंजुरी लागेल," सल्लागार म्हणाले.

मामा खाली बसले. बैठक संपल्यावर माझ्याकडे आले. "माझं म्हणणं आहे तसं लिहा बरं का, बाई." मी हो म्हटलं आणि लिहिलं, 'उपयुक्त सूचनांची नोंद घेण्यात आली.' बावीस वर्षांत माझ्या हाताला हेच वळण लागलं होतं. साहेबांची किळस येते म्हणते, पण तो हात माझाच होता.

दोन वर्षांनी मोठं वादळ निघालं. अजून दीड दिवस लांब होतं, पण वारा त्या सकाळीच फिरला. वादळाच्या आराखड्यात मीच टाइप केलेली एक ओळ होती, की वादळाआधी कारखान्यांनी अमोनिया टँकरमध्ये काढून घ्यावा. म्हणजे दोन्ही एकाच दिवशी येतील याची सोय आम्हीच करून ठेवली होती. पावणेदहाला टँकरची नळी निसटली. भोंगा वाजला आणि खांबाखांबावरून मामा शांतपणे लोकांना मैदानावर बोलवायला लागले.

खरे मामा तेव्हा दोन गल्ल्या सोडून गाडीत होते. त्यांनी कारखान्याच्या छपरावरची वाऱ्याची कापडी पिशवी बघितली. तिचं तोंड टेकडीकडे आणि शेपूट थेट मैदानाकडे. त्यांनी कार्यालयात फोन लावला. मी साहेबांच्या शेजारीच उभी होते.

"खांब बंद करा, साहेब. लोक वायूत चाललेत."

"बंद करायचा परवलीचा शब्द सल्लागारांकडे आहे." आणि सल्लागार आदल्या दिवशीच गावाबाहेर पडले होते. वादळाआधी शहर रिकामं करणाऱ्यांत पहिले तेच.

"मग मी टेकडीकडे वळवतो सगळ्यांना."

"मान्य मजकूरच वाचा," साहेब म्हणाले. मामांनी फोन ठेवला.

मग जन्मात पहिल्यांदा ते ओरडले. "मैदानावर जाऊ नका. टेकडीकडे चला. खांबाचं ऐकू नका." लोक आधी खांबाकडे बघायचे, मग गाडीकडे. गाडीच्या खिडकीतून ज्यांना त्यांचा चेहरा दिसला ते वळले. ताईच्या दाराशी गाडी पोचली तेव्हा दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. भाची कामावर गेलेली. शेजारणीबरोबर ताई टेकडीवर गेली असेल, असं मामांनी धरलं आणि ते पुढच्या गल्लीत शिरले. हजारावर माणसं त्या दिवशी टेकडीवर चढली. मैदानावर पोचली एकशे सत्तर.

साहेब खिडक्या बंद करून बसले होते. जवळ कागद ओढून पत्रकारांसाठी निवेदन लिहीत होते. पहिलंच वाक्य, 'यंत्रणेने चोख काम केले.' खोटंही नव्हतं ते, म्हणून जास्त शिसारी आली.

मैदानावरची नऊ माणसं गेली. ताई त्यातली शेवटची, चौथ्या दिवशी, दवाखान्यात.

महिन्याभरानं चौकशी बसली. नव्या टेबलाला अजून पॉलिशचा वास येत होता. चौकशीला साहेबच. दुसरं कोण असणार? सल्लागार शेजारच्या खुर्चीत. मी वही घेऊन कोपऱ्यात.

"तुम्ही मान्य मजकुराच्या विरुद्ध घोषणा केलीत," साहेब म्हणाले. "एकाच माणसाच्या दोन उलटसुलट सूचना. त्यामुळे संभ्रम झाला. तुमच्या सख्ख्या बहिणीनंही तुमचं ऐकलं नाही, हे तुम्हीच बघा."

मामांनी गळ्याजवळचं बटण चाचपलं. बोलले ते नेहमीच्याच आवाजात.

"ऐकलं तिनं, साहेब. शुद्धीवर होती ती. मी विचारलं, ताई, मी गाडीतून एवढा ओरडत होतो, तुला ऐकू नाही का आलं? म्हणाली, आलं की. पण ते कुणीतरी घाबरलेलं माणूस होतं रे. माझा भाऊ असा ओरडत नाही. तू तर वरून नीट सांगत होतास. म्हणून गेले मी."

सल्लागारांनी घड्याळ बघितलं. साहेब माझ्याकडे वळले. "हे वैयक्तिक आहे. इतिवृत्तात नको." मी ते लिहिलं, शब्दन् शब्द. दुसऱ्या दिवशी सही होऊन जी प्रत आली, तिच्यात ते पान नव्हतं. मी ती प्रत फाइलला लावली. माझ्या शौर्याची मजल तेवढीच.

मामांनी उठताना एकच मागणं केलं, खांबांवरचा त्यांचा आवाज काढून टाका. साहेब म्हणाले, नवा आवाज मंजुरीसाठी वर गेला आहे, तोवर यंत्रणा मुकी ठेवता येणार नाही. मामांनी त्याच दिवशी नोकरी सोडली आणि भाचीकडे राहायला गेले, त्याच वस्तीत.

पहिल्या सोमवारी सकाळी दहाला मासिक चाचणी झाली. पाचच मिनिटांत माझ्या टेबलावरचा फोन वाजला. भाची होती. तिच्या मागे खांबावरचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येत होता, घाबरू नका, मोठ्या मैदानावर या.

"काकू, ते बंद करायला सांगा ना," ती म्हणाली. "मामा रस्त्यात जाऊन उभे राहिलेत. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात धरून सांगतायत, जाऊ नका, तो मी नाही."