धन्यवाद! आपले काम झाले आहे

नोकरी सुटली की माणसाजवळ दोन गोष्टी साठत जातात, औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला तरी नेतो!

माझे बहुतेक किस्से कॉम्प्युटरचे आहेत, आणि कॉम्प्युटर मला अजून कळलेला नाही. घोडेगावात शांतिलालशेठच्या पेढीवर मी दिवाणजी होतो. शेठचे धंदे तीन: खत-बियाणांची दुकानं, एक मंगल कार्यालय आणि वधू-वर सूचक केंद्र. दोन हजार सालानंतर कधीतरी शेठच्या मनात वेबसाइट आली आणि पुण्याहून अमोल नावाचा प्रोग्रॅमर आला.

त्यानं आधी खताचं पान केलं. मग म्हणाला, "बाकीच्या पानांवर हेच भाग परत वापरू. शोधायची चौकट एकच, बुकिंगची एकच. रीयूझेबल कंपोनंट!"

"म्हणजे एकाच बारदानात तीन माल?" शेठ म्हणाले.

"तसंच समजा."

अडचण आली तर स्क्रीनवर काय निरोप द्यायचा, हे ठरत नव्हतं. अमोलनं गोडाऊनच्या भिंतीवर रंगवलेल्या सूचना आणि काउंटरवरची ठरलेली वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली.

*

पहिल्याच आठवड्यात एक बाई मुलासाठी स्थळ बघायला आल्या. मी अपेक्षा टाइप केल्या: मुलगी पदवीधर, शेतीची आवड असलेली. स्क्रीनवर आलं, "हा माल शिल्लक नाही. दुसऱ्या कंपनीचा चालेल का?" गडबडीत मी ते मोठ्यानं वाचलं.

बाई म्हणाल्या, "चालंल की! कंपनी कुठलीबी असू द्या, पोरगी म्हशीची धार काढणारी पायजे."

शेठनी अमोलला फोन लावला. तो म्हणाला, "चौकटीला माहीतच नसतं, ती कुठल्या पानावर बसलीये. तिनं नुसती एक्सेप्शन वर फेकायची. काय बोलायचं ते वरच्यानं ठरवायचं. मी तिलाच बोलायला लावलं, ते चुकलं."

*

एक्सेप्शन म्हणजे काय, हे त्यानं मला चहा पिता पिता समजावलं. खालच्या भागाला अडचण आली की तो ती वर फेकतो. वरच्याला झेपली तर तो पकडतो, नाहीतर आणखी वर.

"आमच्या पेढीसारखंच," मी म्हणालो. "काउंटरवरचा पोऱ्या, पोपट, माझ्याकडे फेकतो, मी शेठकडे. मग शेठ पोपटवर ओरडतात."

"बरोब्बर! फक्त आमच्यात सगळ्यात वर शेठ नसतो."

"मग कोण असतं?"

अमोलनं कप खाली ठेवला. "तेच करायचं राहिलंय," म्हणाला.

*

मग त्यानं सगळ्यात वर एक मोठं जाळं लावलं. कुठूनही, कसलीही एक्सेप्शन आली की ती पकडायची आणि एकच निरोप द्यायचा: "धन्यवाद! आपले काम झाले आहे." निरोप तिन्ही पानांना चालत होता. "तात्पुरतं आहे," अमोल म्हणाला.

एरर येणं बंद झालं. शेठ खूश! "बघा दिवाणजी, आता कशी शहाण्यासारखी चालतेय!"

मग घाटघरहून फोन आला. "खत कवा येनार?"

पोपट म्हणाला, "इथं तर काम झालं म्हणतंय!"

"कुनाचं झालं, राव? आमचं भात पिवळं पडाया लागलं!"

अमोल धावत आला. मध्ये नेट गेलं होतं आणि त्या वेळची एकही मागणी नोंदलीच गेली नव्हती. "जाळ्यानं पकडलं, पण पुढे कुणालाच सांगितलं नाही," तो म्हणाला. "एक्सेप्शन गिळली."

"पचली का?" शेठनी विचारलं.

*

नेमक्या त्याच काळात लोणीचे बबनराव मुलीच्या लग्नासाठी कार्यालय बुक करून गेले होते. स्क्रीनवरचं "धन्यवाद" त्यांनी स्वतः वाचलं होतं. नोंद झालीच नव्हती, म्हणून आमच्याच जुन्नरच्या दुकानानं तीच तारीख दुसऱ्याला देऊन टाकली.

हे पोपटच्या लक्षात आलं. त्यानं मला सांगितलं, मी शेठना, शेठनी अमोलला. अमोल म्हणाला, "बघतो." बबनरावांना मात्र कुणीच कळवलं नाही. वरच्यानं पकडलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं!

लग्न जवळ आल्यावर बबनराव पत्रिका द्यायला आले. कार्यालयाचं नाव सोनेरी अक्षरांत. शेठनी माझ्याकडे बघितलं, मी पोपटकडे, पोपटनं स्क्रीनकडे. शेवटी शेठनीच सांगून टाकलं.

बबनरावांनी पत्रिका परत ओढून घेतली. "आवं शेठ, पत्रिका वाटून झाल्या! पावण्यांना काय तोंड दावू? सोयरीक मोडंल माझ्या पोरीची!"

शेठ गादीवरून उठले. "पोपट, गोडाऊन रिकामं कर."

*

लग्न गोडाऊनमध्ये लागलं. पोती हलली, वास हलला नाही. शेठ स्वतः दारात उभे राहून गुलाबपाणी शिंपडत होते. मंगलाष्टकांत भटजींना शिंका येत होत्या. भिंती झाकायला पडदे कमी पडले होते, पण एवढ्या गर्दीत कोण बघतंय!

शेवटची अक्षता पडली, वाजंत्री थांबली. नवरदेवाचे वडील नाकाला रुमाल लावून इकडेतिकडे बघत होते. नवरा-नवरीच्या डोक्यावर, भिंतीवर, लाल रंगात जे लिहिलं होतं ते त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"एकदा नेलेला माल परत घेतला जाणार नाही. हे काय वो, बबनराव?"

शेठनी माझ्याकडे बघितलं, मी पोपटकडे, पोपटनं अमोलकडे. अमोलनं वर छताकडे.

बबनराव पुढे झाले. त्यांनी व्याह्यांना हात जोडले.

"धन्यवाद, पावणं! आपलं काम झालेलं हाय."