साक्षीला आई

आईची तेरवी झाली, पाहुणे गेले आणि पुलगावच्या घरात मी आणि बाबा उरलो. बाबा बोलत नव्हते. जेवा म्हटलं की जेवायचे, आंघोळीला उठा म्हटलं की उठायचे. मलाही काही वाटत नव्हतं, खरं सांगते. रडून झालं होतं की रडायचं राहिलं होतं, तेही कळेना. सोमवारी मला वर्ध्याला शाळेत रुजू व्हायचं होतं. त्याआधी एवढंच ठरवायचं होतं, की या माणसाला इथे एकटं ठेवता येईल का. एकदा कोणाशी नीट भांडले असते, तर मी निर्धास्त गाडीत बसले असते.

बाबांना भांडायला एकच विषय पुरायचा. देश चांगला केव्हा होता, आणि बिघडला काऊन. माणूसही एकच, शेजारचे काका, गावाजवळच्या दारूगोळ्याच्या डेपोतून रिटायर झालेले. दुपारी चहाच्या वेळेला ते आमच्या ओट्यावर यायचे. बाबांचं म्हणणं, गावातली कापडमिल चालू होती तोवर देश चांगला होता. भोंगा वाजला की सारं गाव एका वेळी उठायचं. भोंगा बंद पडला, जो तो आपापल्या वेळेनं उठायला लागला, आणि तिथून सगळं बिघडलं. काका म्हणायचे, "भोंगा तुह्या मिलचा होता बावा, देशाचा नोयता. देश तवाबी असाच होता. आपून जवान होतो, एवढंच." यावर बाबा तापायचे. मध्येच डेपोत जुना दारूगोळा फोडल्याचा धमाका यायचा, खिडक्या थरथरायच्या. दोघं थांबायचे आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे उचलायचे. आमच्या गावात सगळे असंच बोलतात.

हरायची वेळ आली की बाबा आईला साक्षीला घ्यायचे. हाक मारून नाही. मिलमध्ये ते मागावर होते. तिथल्या खडखडाटात हाक ऐकूच यायची नाही, म्हणून सगळे हातांनी बोलायचे. तीच खोड घरी आली. स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून ते मूठ कानाशी न्यायचे आणि उघडायचे. म्हणजे, तूच सांग. आई भाजी चिरता चिरता मान वर करायची आणि म्हणायची, "हो, तवाच चांगलं होतं." बाबा जिंकायचे. मग चहा यायचा.

मी एकदा तिला विचारलं, खरंच चांगलं होतं का गं तेव्हा?

"मले का माईत," ती म्हणाली. "मी तवाबी पाणीच भरत होती. हो म्हटलं का त्याईचा जीव थंडा होते."

शनिवारी काका आले. ओट्यावर बसले, तंबाखू मळायला घेतली आणि बसल्या बसल्या तेच काढलं. "देश बिघडला म्हंतं तू. कधी बिघडला, सांग त खरं." मला असा राग आला. घरात काय झालंय आणि यांचं काय चाललंय. मी दारातून डोळे वटारले, त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तेव्हा कळलं, म्हातारा मुद्दाम करून राह्यला.

काकांनी पुन्हा डिवचलं. "तुह्या भोंग्यानं कोनाचं भलं झालं बे?"

"लोक वेळेवर उठत होते," बाबा म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "आता कोनी उठते का?"

"मी उठतो."

"तुले झोपच येत नाई. तू काय उठतं."

मी चौकट धरून उभी होते. हायसं वाटलं. तेवढ्यात मनातल्या मनात सोमवारच्या गाडीची वेळही आठवून घेतली. भांडण चढत गेलं. रेशनच्या रांगा निघाल्या, कोण किती खरं बोलायचं ते निघालं. शेवटी काका नेहमीच्या जागी आले. "देश कधीच चांगला नोयता. आपून जवान होतो, बस."

बाबा वळले. मूठ कानाशी नेली आणि दाराकडे बघत उघडली.

दारात मी होते. खूण माझ्यासाठी नव्हती, पण उत्तर मला पाठ होतं. मी तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. बाबांचा हात थोडा वेळ तसाच उघडा राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"बरोबर हाये तुहं," ते काकांना म्हणाले. "आपून जवान होतो."

काका घाबरले. आयुष्यभर ज्यासाठी भांडले ते मिळालं आणि त्यांच्या हातची तंबाखू सांडली. "नाई बे," ते म्हणाले, "असं कसं. भोंगा होता न. सारं गाव उठत होतं. मी सोता आयकत होतो." बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "तूच त सांगत होता मले." काका बोलत राहिले, बाबांचेच मुद्दे, बाबांच्याच शब्दांत. डेपोत धमाका झाला. काका थांबले नाहीत.

मी आत गेले, चहा ठेवला आणि बाबांचे कपडे पिशवीत भरायला घेतले.