खाटकाचा हात

"आमच्या खाटकाला बोलवा," सर म्हणाले.

मी दारातच उभा होतो. अंगात पांढरा कोट. पीएच.डी. उशिरा झालेली, पंचेचाळिशी ओलांडलेली. सर आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, माझ्याहून लहान, तरी मला अरे-तुरे. बाहेरच्या संस्थेतल्या एक मॅडम त्यांच्या प्रयोगशाळेसाठी पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचा संशोधक, निवडायला सोलापुरात आल्या होत्या. चरबी साचलेलं यकृत आतून कसं निकामी होत जातं, हे त्यांचं काम. माझंही तेच. दुपारी माझी मुलाखत होती.

"याच्या वडिलांचं मटणाचं दुकान आहे, नव्या पेठेमागं," सर त्यांना सांगत होते. "म्हणून उंदरांच्या माना यालाच मोडायला देतो. आमच्यानं नाही होत. ते रक्तातच असावं लागतं."

सगळे हसले. मीही हसलो.

आबांचा दुकानात एकच दंडक होता. सुरी हातात असताना हसायचं नाही. "जीव घ्यायलोय आपण, तमाशा न्हाय," म्हणायचे. बोकडाला पाणी पाजायचे, मग गप्प. लहानपणी मी एकदा हसलो, तर रक्ताच्या हातानंच थोबाडीत बसली.

आणि इथं मी वर्षानुवर्षं सरांच्या विनोदावर हसत माना मोडल्या. मान मोडायची, पोट फाडायचं, यकृत बर्फावर. उशीर झाला की पेशीतला आरएनए नासतो, म्हणून हात थांबवायचा नाही. त्या यकृतांवरच्या शोधनिबंधांत नाव सरांचं. माझं खाली, आभारात.

"चल, मॅडमना दाखव खाटकाचा हात," सर म्हणाले.

मी पिंजऱ्यातून उंदीर काढला. ऊन अंग, फडफडणारी छाती. तो सरांच्या तळहातावर ठेवला.

"आज तुम्ही मोडा."

"वेड लागलं का तुला?"

"निबंध तुमचा. मान तुम्ही मोडा."

उंदीर त्यांच्या बोटाला कडाडून चावला. सरांनी त्याला भिंतीवर आपटलं. मेला नाही. मागचे पाय ओढत फरशीवर फिरत राहिला, तोंडातून रक्त. आता कुणी हसत नव्हतं. मी खाली बसलो, मान धरली, एका झटक्यात मोडली.

मग उठलो आणि सरांची कॉलर धरली. हाताचं रक्त त्यांच्या शर्टाला लागलं.

"खाटीक असं मारत नाही," मी म्हणालो.

"संपलं तुझं पोस्टडॉक. शिफारस कोण देतो, बघतो मी."

मुलाखत झाली नाही. मॅडम खाली मान घालून गाडीत बसल्या. मी हात न धुताच सात रस्ता चौकापर्यंत चालत आलो. लोक बघत होते. बघू दिलं.

आता पुन्हा अर्ज करतोय, शिफारशीशिवाय. विचारलं तर सांगणार, खाटकाचा मुलगा आहे, माना मोडल्यात. हसत मोडल्या, हेही सांगणार. यापुढं मान मोडीन ती माझ्या संशोधनाच्या प्रश्नासाठी, माझ्या नावावर, गप्प राहून. आणि समोर कुणी हसला, तर हात आधी त्याच्या कॉलरला जाईल.