काचपेटीतली सवत

मला सवत आहे, आणि ती डुकराच्या यकृताची आहे. हसू नका.

आमचे हे इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. कत्तलखान्यातून बर्फात आलेलं ताजं यकृत धुवायचं, त्याच्या पातळ चकत्या कापायच्या आणि त्या उबदार काचपेटीत जिवंत ठेवायच्या, हे यांचं काम. उद्या एखाद्याचं यकृत बंद पडलं, तर त्याचं रक्त बाहेर घेऊन या चकत्यांकडून साफ करून घ्यायचं, असं यंत्र तिथे बनतंय. काम पुण्याचं आहे, नाही कोण म्हणतं? पण मला ताप आला तर "गोळी घे" एवढंच, आणि चकत्या जरा फिक्या दिसल्या की यांच्या तोंडचं पाणी पळतं! "आज काय टवटवीत दिसताहेत!" हे वाक्य माझ्याबद्दल लग्नाच्या दिवशीही निघालं नव्हतं.

परवा हे डबा घरीच विसरले. मी तणतणत घेऊन गेले. म्हटलं, एकदा बघूच या भवानीला.

तर हे पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात खुपसून आतलं तबक हलवत बसलेले. तबक एका बाजूला कललं की चकत्या द्रवात बुडून खातात, दुसऱ्या बाजूला कललं की वर येऊन श्वास घेतात. झुलवणारी मोटर सकाळीच जळाली होती. जोडीदार रजेवर, त्यामुळे हात सोडायची सोय नाही. दुपारी यांच्या डॉक्टरबाई चकत्यांची चाचणी घेणार. तोवर चकत्या मेल्या तर हे काम कायमचं बंद, असं वरून बजावलेलं.

"बरी आलीस! असंच हलवत राहा, मी मोटर घेऊन येतो," म्हणाले आणि पळाले. डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

उरलो आम्ही दोघी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. आमच्या लेकीचा पाळणा या माणसाने एकदा हलवला असेल तर शपथ! आणि हिला सकाळपासून झुलवतोय. वाटलं, हात काढावा आणि संपवावी ही ब्याद. कोणाला कळणार होतं? थांबवलाही हात. चकत्या द्रवात तशाच बुडून राहिल्या. बघवेना.

"घे मेले, श्वास घे," म्हणत मी पुन्हा हलवायला लागले. दातओठ खात, पण हळूच.

हे मोटर घेऊन धापा टाकत आले. आधी द्रवाचा थेंब कागदी पट्टीवर टाकला. रंग बघून चेहरा असा खुलला, की मी पुन्हा जळून खाक.

"जगल्यात गं! काम करताहेत!" मग माझ्या हातांकडे बघत राहिले. "इतकं हलकं हलवायला कुठे शिकलीस?"

"तुमची लेक पाळण्यात होती तेव्हा. तुम्ही इथे होतात."

यांचं तोंड एवढंसं झालं. तबक घ्यायला पुढे आले, तर मीच दिलं नाही.

"आधी डबा खा," म्हटलं. "तोवर हिला मी बघते."