हल्ली झाडं घाय करतात

"झाड आपणहून येतं वैनी, आपण फकस्त थांबायचं," असं म्हणून बाबा तळहातावर थुंकायचे आणि सुपारीच्या झाडावर चढायचे.

श्रीवर्धनात सुपारी काढणारा दर झाडाला खाली उतरत नाही, हे तुम्ही पाहिलंच असेल. शेंड्याशी बसून झाड झुलवायचं, शेजारचं हाताशी आलं की ते धरायचं आणि आधीचं सोडायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या वाडीत हे काम त्यांचंच. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना बाबा म्हणायची. ते असे झुलायला लागले की मी तोंड फिरवायची. खाली आले की चेष्टा ठरलेली. "वैनी, बघा इकडं. जिवंत हाय मी."

गेल्या वर्षी मी त्यांना स्टीलच्या पेल्यातून उकळता चहा दिला. मी पदराने धरला होता. त्यांनी सरळ मुठीत घेतला आणि गप्पा मारत बसले. तळवा लालबुंद झाला.

"अहो बाबा, भाजतंय!"

त्यांनी हाताकडे पाहिलं. "व्हय की," म्हणाले.

याच हातांनी हा माणूस झाडं धरतो! चढू नका म्हटलं, तर हसले.

"बोटं जरा बधिर झालीत, हाताची नि पायाची. आणि हल्ली झाडं घाय करतात, एवढंच."

झाडं कशाला घाई करतील? वाडी तीच, वारा तोच. उशीर त्यांना होत होता, आणि ते त्यांना कळत नव्हतं. मला कळलं होतं. तरी मी चढू दिलं. दुसरं कुणी मिळत नव्हतं, खरं तेच सांगते.

त्या दिवशी ते शेंड्यावर झुलत होते. शेजारचं झाड हाताशी आलं, पण त्यांनी हात टाकला तोवर लांब गेलं होतं. पंजा हवेत मिटला. दुसऱ्यांदाही तेच. मग वरून हाक आली.

"वैनी, तुम्ही सांगा. कधी धरू?"

मी? शब्द जरा पुढेमागे झाला असता तर! शेवटी घसा फोडून ओरडले, "काही धरू नका! आहात त्याच झाडावरून उतरा! माझी शपथ आहे तुम्हाला!"

ते उतरायला लागले. बुंधा कवटाळून, इंचाइंचाने. मी खाली देवाचा धावा करत उभी. अखेर दोन्ही पाय मातीला टेकले आणि माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांनी मिठी सोडली नाही. मान वर, नजर शेंड्याकडे.

"वैनी," त्यांनी हळूच विचारलं, "अजून किती राह्यलंय?"