मालकाच्या नावाचा दंड

पारधी म्हणजे पारध करणारा, शिकारी. माझे सासरे फासे लावून तित्तर, लावे धरायचे, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण इंग्रजांनी कायदा करून आमच्या जातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पुढं इंग्रज गेले, कायदाही गेला, शब्दावरचा डाग तेवढा राहिला. गावात कुणाची कोंबडी हरवली की पारधी, कुणाच्या पोरानं केस विंचरले नाहीत की 'पारध्यावानी काय ऱ्हातूस!' मला संताप यायचा. राग माझ्या नाकावरच असतो, अजूनही.

बहात्तरच्या दुष्काळात येरमाळ्याजवळ सडकेचं काम निघालं. विहिरी आटल्या तशा पाटलांच्या सुनाही खडी फोडायला आल्या, बौद्धवाड्यातल्या बायका आल्या, आणि आम्हीही गेलो. सासूबाई, सासरे, मी आणि नुकता पळायला लागलेला माझा मुलगा. मुकादम हजेरीला सगळ्यांना नावानं पुकारायचा, आमच्यापाशी आला की नुसतं 'ए पारधी'.

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अजून एकदा ह्यो सबूद शिवीवानी कानावर आला, तर आपुन हितनं उठायचं." बाई शब्दाची पक्की. उठलो तर मजुरी गेली, कामावर खायला मिळणारी सुकडी गेली. पोराला खाऊ काय घालायचं, दगड?

दुसऱ्याच दिवशी पाटलीण आपल्या लेकीवर खेकसली, "हळू खा की, पारध्यावानी काय तुटून पडलीस!" आत्या उठायच्या आत मीच उठले आणि हातातलं टोपलं आदळलं.

पाटलीण चपापली. "अगं, मुद्दाम न्हाय बोलले. सवयीनं निघतंय तोंडातनं."

"सवयीनं?" मी म्हणाले. "मग मालकाचं नाव का न्हाय निघत कधी सवयीनं?"

बायका अशा हसल्या, की मुकादम कामावरून वळून बघायला लागला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत तिथल्या सगळ्याच घरांत होती, आमच्यातसुद्धा. बौद्धवाड्यातली एक तोंडाळ बाई माझ्या शेजारी बसायची. तिनं तिथंच निवाडा केला. "जी ह्यो शबूद शिवीवानी बोलंल तिनं मालकाचं नाव घ्यायचं. उखाणा चालायचा न्हाय. नुसतं नाव, आन् मोठ्यानं!"

पहिला दंड अर्थात पाटलिणीला. तिनं डोळे मिटले, पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि नाव घेतलं. देवाचं नाव होतं, म्हणून एकीनं हातही जोडले. आत्यासुद्धा हसल्या आणि पुन्हा खाली बसल्या. मला तर पाटलिणीला मिठी मारावीशी वाटली.

मग काय, खेळच झाला. जिचं तिचं लक्ष दुसरीच्या तोंडाकडं. मुकादमही सापडला. बायकांनी त्याला गराडा घातला, बायकोचं नाव घेतल्याशिवाय सोडलाच नाही. एवढा मिशीवाला गडी, कानापर्यंत लाल झाला! तेव्हापासून त्यानं तो शब्द टाकला. पण आमची नावं काही त्याच्या तोंडी आली नाहीत. आमच्यापाशी आला की नुसतं बोट दाखवून पुढं जायचा. आत्या म्हणाल्या, "शिवी गेली म्हनावं, पर मानसाला नाव नको व्हय?" उठून जायचं अजून त्यांच्या मनात होतं, हे मला कळत होतं.

आणि एका दुपारी माझा मुलगा सुकडीची वाटी सांडून धुळीत लोळायला लागला. आत्या ओरडल्या, "पारध्यावानी काय लोळतूस रं!"

सगळ्या हातोड्या थांबल्या. आमच्या घरच्या बोलीत ही शिवीच नाही. ती आत्यांनी तिथंच, खडीवर, मराठीतून उचललेली. त्यांचं त्यांनाच कळलं तसा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"जाऊ द्या आत्या, तुमाला माफ," पाटलीण म्हणाली.

"का म्हनून? दंड म्हंजे दंड," आत्या म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि त्यांनी माझ्या सासऱ्यांचं नाव घेतलं. शेतात लांबच्याला हाक मारावी इतक्या मोठ्यानं. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते आत्यांनीच घ्यावं.

पलीकडं सासरे पहारीनं दगड उकरत होते. त्यांनी पहार टाकली, पागोटं नीट केलं, ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाज दिला, "हजर!"

बायका हसून हसून खडीवर आडव्या झाल्या. मुकादमही हसत होता. सासरे मात्र हसले नाहीत. त्या कामावर त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी नावानं पुकारलं होतं.